मनिषाचं पळणं आणि मनिषाचं भिणं

मनिषा भित्री होती, हे आधीच सांगून टाकते. पळणारी बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाघीणच उभी राहते. सत्काराला बोलावतात, खांद्यावर शाल टाकतात, आणि भाषण करणारा ‘जिद्द’ नि ‘धाडस’ असले शब्द ओतत सुटतो. मी पहिल्या रांगेत बसून चरफडत असते. या बाईला भिंतीवर पाल दिसली तरी ती खाटेवर चढते, हे त्या वक्त्याला कोण सांगणार? प्रत्येक शर्यतीच्या आधी तिला उलटी व्हायची. पिस्तुलाचा बार झाला की बाकीच्या मुली पळायला लागत, ही आधी दचके आणि मग पळे.

आज ती पन्नाशीला आली आहे. बारामतीत सकाळी मैदानावर मुलींना आठशे आणि पंधराशे मीटर शिकवते, जळोचीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते, आणि ढग गडगडले की अजूनही मला फोन करते. ‘बाई, जाग्या हाय का?’ असं विचारते. मी जागी नसले तरी त्या फोननं होतेच.

मी मालती. वडगाव निंबाळकरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे, रोज बारामतीहून एसटीनं जाऊन-येऊन. मनिषा त्याच गावची. वडील रामहरी. त्यांच्या आधीच्या पिढीपर्यंत घरात मेंढरं होती, मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि मेंढरं गेली. ही पोरगी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही तोंड उघडायची नाही.

तिला पळायला लावलं ते आमच्या हिंदुराव सरांनी, आणि तेही चुकून. सर खेळाचे शिक्षक. उशिरा येणाऱ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणं ही त्यांची आवडती शिक्षा. एकदा मनिषा उशिरा आली. सर म्हणाले, ‘पळ, मी थांब म्हणेपर्यंत.’ आणि चहाला निघून गेले. तिथं कुणीतरी भेटलं, गप्पा लागल्या, आणि सर विसरले. परत आले तेव्हा ही पळतच होती. बाकीची पोरं केव्हाच सावलीला बसली होती. हिची मात्र थांबायची छाती झाली नव्हती. सरांनी जवळ जाऊन पाहिलं, तर धापसुद्धा लागली नव्हती. अशी ही आमच्या धावपटूची सुरुवात. धाडस वगैरे काही नाही, निव्वळ सरांची धास्ती.

त्या काळी आमच्याकडे मुली शंभर मीटर पळायच्या. फार तर दोनशे. आठशेला उभी राहायला मुलगीच मिळायची नाही. तालुक्याच्या स्पर्धेत तिघीच होत्या, त्यामुळे शर्यत सुरू होण्याआधीच तिघींची पदकं नक्की होती. पण मनिषा अशी काही सुटली की दुसरी आली तेव्हा ही बूट काढून बसली होती. मग जिल्हा झाला, विभाग झाला, राज्याला ती दुसरी आली. गावात मिरवणूक निघाली नाही. गावात कुजबूज निघाली.

कुजबूज पायांबद्दल असती तर परवडलं असतं. सुरुवातीला ती तशीच होती. अर्धी चड्डी, उघडे पाय वगैरे. तिची आई बानूबाई हिनं त्यावर ढगळ पायजम्याचा तोडगा काढला आणि पहाटे मुलगी कालव्याच्या भरावावरून पळायची तेव्हा स्वतः कडेला खुरपं घेऊन बसायला लागली. बायका मग दुसरंच बोलायला लागल्या. ‘पळून पळून पोरीची पिशवी सरकती. असल्या पोरीला मूल ठरत न्हाय.’ खेड्यात गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. हे बोलणं बानूबाईच्या कानावर आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती शाळेत मला विचारायला आली. ‘बाई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा, पोरीला पुढं जड जाईल का?’ मी म्हटलं, नाही. विज्ञानाचं पुस्तक उघडून चित्र दाखवलं, कुठली गोष्ट कुठं असते आणि ती पळाल्यानं जागची हलत नाही. तिनं चित्र बघितलं, मान डोलावली, आणि घरी जाऊन मुलीच्या कमरेला फडकं घट्ट बांधायला सुरुवात केली. पिशवी सरकू नये म्हणून.

आणि खेड्यातल्या बायकांना हसू नका. संध्याकाळी मी हे आमच्या घरी सांगितलं, तर आमचे चिंतामणराव, म्हणजे माझे यजमान, बँकेत अधिकारी, रोज दोन वर्तमानपत्रं वाचणारे, चष्मा पुसत म्हणाले, “त्यात तथ्य असावं. बायकांच्या प्रकृतीला लांब पल्ला मानवत नाही, असं मी कुठंतरी वाचलंय.” कुठं ते त्यांना आठवेना. पुरुषांना असलं काही वाचलेलं कायम आठवतं, आणि कुठं वाचलं ते कधीच आठवत नाही.

मनिषा या सगळ्यातून पळत राहिली. पण ते बोलणं तिच्या कानात गेलं होतंच. मला एकदा म्हणाली, “बाई, दुसऱ्या फेरीत पोटात दुखतं. ते नेहमीचं दुखणं असतं, का ते असतं?” मी म्हटलं, नेहमीचंच. तिनं विश्वास ठेवला असं दाखवलं.

बारावीनंतर तीन वर्षांनी तिचं लग्न झालं. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याजवळ रानात वस्ती होती, त्यांच्याच समाजातले लोक. नवरा नागेश दुधाचा टेम्पो चालवायचा. पोरगा मोकळ्या स्वभावाचा, आणि लग्नाआधीच म्हणाला होता, ‘पळणारी हाय म्हणूनच पसंत केली.’ लग्नानंतर तो टेम्पोतून तिच्या मागं मागं जायचा आणि हॉर्न वाजवून वेग सांगायचा. सासू वारली होती. घरात सासरे, तात्याबा. सगळे त्यांना आबा म्हणत.

हे आबा म्हणजे त्या भागात मेंढरांतला शेवटचा शब्द. बाकीच्यांनी कळप विकले तरी त्यांनी पन्नासेक मेंढरं राखली होती. मेंढीच्या बरगडीखाली नुसता हात फिरवून ते गाभ किती महिन्यांचा आहे ते सांगत, आणि चुकत नसत. लांबलांबून लोक विचारायला येत. माणूस शांत. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांनी सुनेच्या पळण्याला कधी नाही म्हटलं नाही. ती पळून आली की गडवाभर दूध पुढं ठेवत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना खलनायक करायला निघाल.

लग्नाच्या पहिल्याच थंडीत मनिषा पुण्याला खुल्या स्पर्धेत आठशेला पहिली आली. राष्ट्रीय स्पर्धेच्या सराव शिबिरासाठी तिचं नाव निघालं. ती एकवीस वर्षांची होती. हिंदुराव सर मला म्हणाले, ‘बाई, आठशेचं खरं पळणं आता सुरू होईल. आणखी पाच-सहा वर्षं ही कुणाच्या हाताला लागत नाही.’ शिबिराला जायच्या आठवड्यात तिला रक्तस्राव सुरू झाला. आपल्याला दिवस गेलेत हे तिला माहीतच नव्हतं. कळलं ते गर्भ गेल्यावर कळलं.

बारामतीच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, असं पुष्कळजणींचं होतं, पळण्याचा याच्याशी संबंध नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती. पण फांदी मोडलेली दिसते ना, आणि कावळाही दिसतो.

घरी आल्यावर आबा तिच्या खाटेपाशी बसले. म्हणाले, “पोरी, गाभण मेंढीला आमी पळवत न्हाय. कुत्रं मागं लागलं, लांडगा आला, आणि ती पळाली, की गाभ टाकती. माझ्या बापानं मला सांगितलं, त्याच्या बापानं त्याला. म्या डोळ्यानं बघितलंय. आता तू पळू नगंस.”

रागावून म्हणाले असते तर तिनं ऐकलं नसतं, नागेशनंही ऐकू दिलं नसतं. पण ते काकुळतीला येऊन सांगत होते. ज्या माणसाचं मेंढरांबद्दल कधी चुकलं नाही, तो घाबरून सांगतोय म्हटल्यावर तिचा धीर सुटला. ताप चढतो तशी भीती तिच्या अंगात चढली. शिबिराला ती गेली नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली. मी बावड्याला जाऊन तासभर डोकं फोडलं. ती म्हणाली, “बाई, तुमचं खरं असंल. पण आबांचं खरं निघालं तर मी काय करू?” मी परतीची एसटी धरली.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा ती पळाली नाही. चाललीसुद्धा नाही. गाभण मेंढरांसाठी जे जे करतात ते सगळं आबांनी सुनेसाठी केलं. कुत्रं भुंकून तिला दचकवील म्हणून ते लांब गोठ्यामागं बांधून ठेवलं. तिला लांबून हाक मारायची नाही, कारण हाक आली की माणूस घाईनं उठतं. पाणी नागेशनं भरायचं, भाकरी शेजारची बाई थापून देणार. मनिषा खाटेवर बसून राहायची, पाय पोटाशी न घेता सरळ ठेवून, आणि दिवस मोजायची. चौथ्या महिन्यात तेही गेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग तरी डोळे उघडले असतील. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा पाठ सोडतो होय? बायका म्हणाल्या, ‘आधी पळाली ते अंगात मुरलंय.’ म्हणजे पळाली तर पळाली म्हणून, आणि बसली तर आधी पळाली होती म्हणून. असल्या भीतीला कुठूनही पकडायला जा, ती हातातून निसटतेच. आबा असलं बोलले नाहीत. आणि मनिषाला स्वतःच्याच पायांची भीती वाटायला लागली. एकदा मला म्हणाली, “बाई, झोपेत मी पळते. जाग येती तवा पाय हलत असत्यात. मग मी नागेशला म्हणते, माझ्या पायावर हात ठेवून झोपा.” ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. राज्यात आठशेला जी मुलगी आता पहिली येत होती तिला मनिषानं दोनदा हरवलेलं होतं.

दीडेक वर्षानं तिसऱ्यांदा दिवस राहिले. चौथा महिना गेला, पाचवा गेला. कुणी मोठ्यानं बोलेना. सातवा लागला तेव्हा जानेवारी होता, सगळीकडं उसाच्या तोडी चालू होत्या. त्या दुपारी नागेश टेम्पो घेऊन डेअरीला गेला होता. शेजारची बाई बाजाराला गेली होती. मेंढरं वाड्यात होती. वस्तीवर मनिषा आणि आबा, दोघंच.

मोटारीला पाणी येईना म्हणून आबा विहिरीत उतरले. विहीर खोल, कडेला लोखंडी कड्या ठोकलेल्या. वरून चौथी-पाचवी कडी गंजलेली होती, ती पायाखाली निसटली. मनिषानं आवाज ऐकला. ती उठली, भिंतीला धरत धरत विहिरीशी गेली, आणि वाकून पाहायच्या आधी, मला तिनंच सांगितलंय, तिनं पोटावर हात ठेवून विचारलं की जाऊ का पुढं. इतकी ती भ्यालेली होती.

आबा खाली पाण्यात होते. उजवा हात खांद्यातून लोंबत होता, वाटेत कशावर तरी आपटला होता. डाव्या हातानं मोटारीच्या काळ्या पाइपाला मिठी मारून ते कसेबसे डोकं वर ठेवून होते. मनिषानं दोर सोडला. एका हातानं त्यांना तो बांधता येईना. बांधायला पाइप सोडला की ते पाण्याखाली जात. एकदा गेले, आणि वर यायला इतका वेळ लागला की ती ओरडायचंही विसरली. पाइपही त्यांच्या वजनानं सरकत होता.

सर्वांत जवळची माणसं म्हणजे डांबरी रस्त्यावर ऊस भरणारी तोडकऱ्यांची टोळी. मधे सगळं रान. आठशेपेक्षा जास्त अंतर, पंधराशेपेक्षा थोडं कमी.

तिनं ते अंतर डोळ्यांनी मोजलं. खालून आबांनी ते ओळखलं असावं. त्या माणसानं आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो विहिरीतून ओरडला, “पळू नगंस. चालत जा. ऐकतीस का? चालत जा.”

ती म्हणाली, “आबा, तुमी तग धराल का?”

“धरतो. तू चाल. माझ्यापायी ते घालवू नगंस. माझं झालंय सगळं. पळालीस तर बघ.”

ती चालायला लागली. हे मला तिनं किती वेळा सांगितलं असेल. ती खरंच चालली. बांध ओलांडून हरभऱ्याच्या वावरापर्यंत ती चालत गेली. मागून त्यांचा आवाज येत होता, ‘चालतीस ना गं?’ आणि ती ‘व्हय, आबा’ म्हणत होती. मग त्यांचा आवाज आला नाही. तिनं दोनदा हाक मारली. उत्तर नाही.

तिनं लुगडं खोचलं, दोन्ही हात पोटाखाली घातले आणि पळायला लागली. पळताना हात मोकळे लागतात, हातांनीच वेग येतो, हे आठशे पळणाऱ्या कुणालाही विचारा. तिचे हात मुलाला धरायला लागले होते, म्हणून सगळा भार कमरेवर आणि पायांवर. चार वर्षांत ती एक पाऊल पळाली नव्हती. अनवाणी, खाली ढेकळं आणि काट्या. ती सांगते, पहिल्यांदा वाटलं ते पाऊल टाकायचंच भय. प्रत्येक पाऊल टेकलं की आत हिसका बसे आणि ती वाट बघे, आता काही सुटेल, आता मांडीवर ओल लागेल. पुढचं पाऊल. पुन्हा तेच. शर्यतीत मागच्या मुलीची भीती असते, ती मागं असते तरी. इथं भीती पुढंही होती आणि मागंही, आणि तिसरी तिच्या दोन हातांत होती. तिला काहीच सोडता येत नव्हतं.

अर्ध्या वाटेत पोट दगडासारखं घट्ट झालं. ती थांबली नाही. ‘थांबले असते तर बसले असते,’ म्हणते, ‘आणि बसले असते तर दोघं गेली असती, असं वाटलं.’ कुणी म्हणेल धाडस. मी तिला ओळखते. तो जीव मुठीत धरून केलेला आकांत होता, दुसरं काही नाही.

रस्त्यावर महिपती नावाचा ट्रॅक्टरवाला ट्रॉलीत ऊस भरून घेत होता. त्यानं सांगितलेलं मी ऐकलंय. पोट धरून पळत येणारी बाई बघून त्याला वाटलं, हिच्या मागं कुणीतरी लागलंय, म्हणून त्यानं आधी कोयता उचलला. ती एवढंच म्हणाली, ‘विहीर. आबा.’ आणि हातानं वस्ती दाखवली. गडी दोर घेऊन रानातून धावले. महिपतीनं ट्रॉली सोडली, ट्रॅक्टर वळवला आणि तिला म्हणाला, ‘बस वर, तू आता पळू नगंस.’ चाकांनी ढेकळं उडवणाऱ्या त्या ट्रॅक्टरवर बसली असती तर पळण्याच्या दसपट हिसके बसले असते, पण पळण्याचीच तेवढी भीती असते ना माणसांना. ती बसली नाही. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसली आणि तिथून हलेना. तोडकरी बायका विचारत होत्या, दुखतंय का, पाणी देऊ का. उठलं की रक्त दिसेल, म्हणून ती उठत नव्हती.

आबा वर निघाले. पाइपाला मिठी तशीच होती, पण भान हरपत आलं होतं, नाकातोंडात पाणी गेलं होतं. टोळीतल्या दोघांनी खाली उतरून त्यांना दोराला बांधलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यांनी प्रेत काढलं असतं, असं महिपती म्हणतो. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही, हात दुखतोय म्हटलं नाही. विचारलं, “पोरगी चालत आली न्हवं?” गडी काय बोलणार? एकजण म्हणाला, ‘व्हय आबा, चालत आली.’ आबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना कळलंच होतं. चालत आली असती तर ते जिवंत नसते, एवढा हिशेब त्यांना येत होता.

एकाच जीपमधून दोघांना आणलं, आधी इंदापूरला आणि मग बारामतीला. मला निरोप आला तशी मी धावत दवाखान्यात गेले. मनिषा तपासायच्या टेबलावर पडून होती, डोळे घट्ट मिटलेले. डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर ठेवलं. काही ऐकू येईना. बाईंनी जागा बदलली. पुन्हा काही नाही. मी टेबलाची कड धरून उभी होते. तिसऱ्या जागी ठोके सापडले, भरभर, घोडं पळाल्यागत. मनिषानं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, “आत्ता हाय. उद्या?”

त्या ‘उद्या?’वर पुढचे दोन महिने गेले. डॉक्टरीणबाई सांगून थकल्या की सगळं ठीक आहे. मनिषा माझ्याच घरी राहिली, दवाखाना जवळ म्हणून. सकाळी उठली की आधी अंथरूण बघायची. मूल हललं नाही की घाबरायची आणि फार हललं तरी घाबरायची. तिकडं बावड्याला आबा हात गळ्यात बांधून बसलेले. नागेश दुधाच्या फेरीनंतर येऊन सांगायचा, ते धड जेवत नाहीत. रोज संध्याकाळी तो परत गेला की दारातच विचारत, “हाय का?” आणि नागेश म्हणायचा, “हाय.” तेवढंच. ज्यांच्या जिवासाठी ती पळाली, त्यांना तो जीव कुठं ठेवू असं झालं होतं. नागेशला म्हणाले होते, ‘ते पोर गेलं तर मला पुन्हा त्या हिरीवर न्या.’ हे नागेशनं मनिषाला सांगितलं नाही, मला सांगितलं. आणि मी ते दोन महिने कुणाला न सांगता वागवलं, चिंतामणरावांनासुद्धा नाही. ते रोज विचारत, ‘तुला झोप का लागत नाही?’ तुम्हीच कुठंतरी वाचलं असेल त्याचं कारण, असं म्हणून मी कूस बदलायचे.

मार्चमध्ये, पुऱ्या दिवसांची, मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं त्याहून चांगलं. नागेशनं मुलगी झाली तरी जिलेबीऐवजी पेढेच आणले आणि सगळ्या मजल्यावर वाटले. मी हसले, रडले, परिचारिकेशी भांडले, सगळं केलं. मनिषा तेवढी मुलीला कुशीत घेऊन एकटक बघत होती. मला वाटलं दमली असेल.

दुसऱ्या दिवशी आबा आले. स्वच्छ धोतर, काठी, हात अजून आखडलेला. नळाखाली तीनदा हात धुतले. खाटेपाशी बसून त्यांनी नात मांडीवर घेतली, आणि सवयीनं त्यांचा अंगठा तिच्या पाठीवरून, मग बरगड्यांवरून, मग पायांवरून फिरला, कोकरू तपासावं तसा. “दणकट हाय,” म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मनिषा म्हणाली, “आबा, दुसऱ्या टायमाला मी खाटेवरनं उठले न्हवते.”

“व्हय.”

“आणि ही पोटात असताना पळाले. तुमी वरडत व्हता तरी पळाले.”

“व्हय, पोरी.”

“मग मी थांबले ते कशापायी?”

ती भांडत नव्हती. आवाजही चढवला नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं, आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं. ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पुढं ती पुन्हा शर्यतीत उतरली, दोनदा, आणि दोन्हीदा मागं पडली. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी फक्त तो प्रश्न होता आणि आबा होते.

आबांनी नातीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाले, “मला मेंढरांचंच कळतं गं.”

त्यांनी मुलीला तिच्या शेजारी ठेवलं आणि काठी शोधत बाहेर गेले. मनिषा भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. इतकं, की खाट हलत होती. इतक्या वर्षांत मी तिला भिताना पाहिलं होतं, असं रडताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या आईला हळूच म्हणाली, ‘पोरगी झाली म्हणून रडतीय वाटतं.’ मी तिला गप्प बसायला सांगितलं.